तोरणमाळच्या झाडांवरील पर्णरूप शैवाके आणि मसाल्यातील दगडफूल एकच आहेत का?

अमळनेरकर (प्रश्न)

सर्व सभासदांना नमस्कार. तोरणमाळच्या पठारावर जुन्या आंब्यांच्या खोडांवर आणि आडव्या फांद्यांवर राखाडी-हिरवट रंगाचे, कडा वर उचललेले, पानांसारखे पसरट पापुद्रे मोठ्या प्रमाणात दिसतात. त्यांचा रंग आणि पोत पाहिला तर आपल्याकडे काळ्या मसाल्यासाठी किराणा दुकानातून आणले जाणारे दगडफूल आणि हे पापुद्रे यांत मला काहीच फरक दिसला नाही. परंतु आमच्या शेतातील आंब्यांवर, तसेच धरणगाव आणि जळगाव परिसरात मी पाहिलेल्या झाडांवर असे सुटे पापुद्रे दिसत नाहीत. तेथे सालीला घट्ट चिकटलेले, फार तर बोटाच्या पेराएवढे पांढुरके ठिपके तेवढे असतात.

माझ्या मनात तीन शंका आहेत. पठारावरचे पापुद्रे आणि मसाल्यातील दगडफूल ही एकाच गटातील शैवाके आहेत का? असल्यास ती सातपुड्यावर वाढतात आणि तापीच्या काठावर वाढत नाहीत, यामागचे कारण काय? आणि तिसरी शंका वडिलांची आहे. झाडाच्या सालीवर काहीही उगवले की ते झाडाचा रस शोषते, असे त्यांचे मत असल्यामुळे शेतातील आंब्यांची खोडे खरवडून त्यांना बोर्डो पेस्ट लावण्याचा त्यांचा विचार आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वनस्पतिशास्त्र_नंदुरबार

अमळनेरकर, वडिलांच्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण खरवडण्याचे काम एकदा सुरू झाले की ते थांबवणे अवघड जाते. शैवाक झाडाचा रस शोषत नाही. आंब्यावर वाढणारे बांडगूळ आपली शोषकमुळे फांदीच्या आतील जिवंत भागात घुसवते आणि पाणी व क्षार काढून घेते. शैवाकाकडे अशी कोणतीही सोय नसते. त्याच्या खालच्या बाजूला मुळांसारखे जे धागे दिसतात, ते सालीच्या मृत थराला धरून ठेवण्यापुरते असतात. शैवाक (लायकेन) म्हणजे कवक (बुरशी) आणि शैवल (शेवाळ) यांची भागीदारी होय. कवक घर बांधते, पाणी धरून ठेवते; शैवल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा कवकाला मिळतो. झाड त्यांना केवळ बसायला जागा देते. रोगट किंवा वाळत चाललेल्या फांदीवर शैवाके अधिक दिसतात हे खरे आहे, परंतु तेथे पालवी विरळ झाल्याने उजेड पोहोचतो म्हणून ती वाढतात. फांदी त्यांच्यामुळे वाळलेली नसते. बोर्डो पेस्टचा उपयोग डिंक्यासारख्या रोगांवर अवश्य करावा, पण केवळ शैवाकांसाठी तो खर्च करण्याचे कारण नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. शैवाकांचे ढोबळमानाने तीन आकार मानतात: सालीला किंवा खडकाला रंगासारखी चिकटलेली कवचरूप, पानासारखी पसरणारी पर्णरूप आणि झुडपासारखी किंवा दाढीसारखी लोंबणारी क्षुपरूप. पर्णरूपांमध्ये सर्वांत मोठे कुल पार्मेलियेसी हे आहे आणि त्या कुलातील ‘पार्मोट्रेमा’ ही प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट, जीनस) आपल्या चर्चेच्या केंद्रस्थानी येते. मसाल्यातील दगडफुलाचे नाव जुन्या ग्रंथांत बहुधा ‘पार्मेलिया पर्लाटा’ असे दिलेले आढळते. तेच आज ‘पार्मोट्रेमा पर्लाटम’ या नावाने ओळखले जाते. या नावबदलाला मोठा इतिहास आहे. स्वीडनच्या एरिक अ‍ॅकॅरियस यांनी 1803 मध्ये ‘पार्मेलिया’ ही प्रजाती मांडली आणि पुढे शेकडो पर्णरूप शैवाके तिच्यात गोळा होत गेली. इटलीच्या मास्सालोंगो यांनी 1860 मध्येच ‘पार्मोट्रेमा’ वेगळी काढली होती, पण तिला फारसे कोणी मानले नाही. अमेरिकेतील मेसन हेल यांनी 1974 मध्ये तिचे पुनरुज्जीवन केल्यानंतर ती सर्वमान्य झाली. आज तिच्यात सुमारे 300 जाती धरल्या जातात.

तुम्ही पाहिलेले पापुद्रे या प्रजातीचे आहेत की नाहीत, हे वरून पाहून सांगता येणार नाही. तुमच्याकडे गळून पडलेला एखादा तुकडा असल्यास तो पाण्याने ओला करून उलटा करा आणि खालची बाजू नीट पाहून येथे लिहा. कोरडा तुकडा उलटू नका. त्याचा चुरा होतो.

मसालेवाले_जळगाव

आमचा मसाल्याच्या घाऊक व्यवहाराचा पिढीजात धंदा आहे, म्हणून बाजाराची बाजू मांडतो. जळगाव, धुळे येथे विकले जाणारे दगडफूल सातपुड्यातून येत नाही. आमच्याकडे येणारा माल मुख्यतः उत्तराखंड आणि हिमाचलमधून येतो. उत्तराखंडात रामनगर आणि टनकपूर या त्याच्या मोठ्या बाजारपेठा आहेत आणि तेथे त्याला ‘झूला’ म्हणतात. हिंदी भागात छरीला किंवा पत्थरफूल, तमिळमध्ये कल्पासी, आणि आयुर्वेदातील शैलेय ते हेच.

दुसरी गोष्ट अशी की पोत्यातील माल एका जातीचा कधीच नसतो. जंगलात बांज ओकच्या फांद्यांवरून जे निघेल ते गोळा होते, म्हणून रुंद पानांचे, अरुंद पट्ट्यांचे आणि मधूनच दाढीसारखे लोंबणारे असे सर्व प्रकार एकत्र असतात. आम्ही दर ठरवताना तीन गोष्टी पाहतो: पान रुंद आणि अखंड आहे का, खालची बाजू काळी आहे का आणि सालीचे तुकडे व माती किती आहे. फिकट राखाडी वरची बाजू आणि काळीभोर खालची बाजू असलेल्या मालाला गिऱ्हाईक चांगले मिळते. अरुंद पट्ट्यांचा माल वजनाला भरतो, पण रुंद पानाचा वास त्याला नाही असे आमचे मत आहे. शास्त्र काय म्हणते ते सरांनी सांगावे. कच्च्या दगडफुलाला तसा वास फारसा नसतोच. ते तेलात परतल्यावर जो मातकट, किंचित धुरकट दरवळ सुटतो, त्यावरच शेवभाजीचा किंवा मटणाच्या रश्श्याचा काळा मसाला उभा असतो.

अमळनेरकर

दोघांचेही आभार. वाऱ्याने खाली पडलेल्या फांदीवरचा एक तुकडा घरी होता. सांगितल्याप्रमाणे ओला केला, तर काही मिनिटांतच त्याचा राखाडी रंग जाऊन तो हिरवट झाला आणि कडक पापुद्रा चामड्यासारखा लवचिक झाला. भिंगातून दिसले ते असे: पापुद्र्याचे खंड सुमारे दीड सेंटीमीटर रुंद असून त्यांची टोके गोलसर आहेत. खालची बाजू मध्यभागी काळी कुळकुळीत असून तेथे आखूड काळे धागे आहेत, परंतु कडेलगत बोटभर नाही तरी चांगला रुंद असा तपकिरी, गुळगुळीत पट्टा आहे आणि त्या पट्ट्यावर एकही धागा नाही. कडेवर काही ठिकाणी डोळ्याच्या पापणीसारखे काळे केस आहेत. वरच्या बाजूला कडेजवळ पिठासारखी पांढरी भुकटी आहे, ती बोटाला लागते.

मी बाजारातल्या पुडीतील तुकडेही उलटून पाहिले. त्यातील काही अगदी असेच आहेत. काही मात्र तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्यांसारखे असून खालून पन्हळीसारखे खोलगट आहेत.

वनस्पतिशास्त्र_नंदुरबार

निरीक्षण उत्तम आहे आणि त्यातून बराचसा निर्णय होतो. रुंद, गोलसर टोकांचे आणि सैल उचललेले खंड, खालून काळा मध्यभाग, कडेला धागेविरहित तपकिरी पट्टा आणि कडेवरचे काळे केस ही ‘पार्मोट्रेमा’ची लक्षणे आहेत. कडेचा हा उघडा पट्टा तिची मोठी खूण मानली जाते, कारण सख्ख्या नात्यातील इतर प्रजातींमध्ये धागे बहुधा कडेपर्यंत पोहोचतात. अर्थात येथेही अपवाद आहेतच. ‘पार्मोट्रेमा रेटिक्युलेटम’ या जातीत धागे कडेपर्यंत येतात आणि वरच्या पृष्ठावर बारीक पांढऱ्या रेषांचे जाळे असते. या वेगळेपणामुळे काही काळ तिला ‘रिमेलिया’ नावाच्या स्वतंत्र प्रजातीत ठेवले होते, पण जनुकीय अभ्यासानंतर 2005 मध्ये ती पुन्हा ‘पार्मोट्रेमा’त आणली गेली. पुडीतील खोलगट पट्ट्या बहुधा ‘एव्हर्निअ‍ॅस्ट्रम’ गटाच्या असाव्यात. त्यांना आता ‘हायपोट्रॅकिना’ प्रजातीत धरतात. म्हणजे मसालेवाले भाऊंनी सांगितलेली सरमिसळ तुमच्या पुडीतही आहे. वासाबद्दल त्यांनी केलेला भेद निराधार नसावा, कारण शैवाके स्वतः जी आम्ले तयार करतात, त्यांचे मिश्रण या दोन गटांत सारखे नसते. तथापि कोणता घटक कोणता वास देतो, हे मी ठामपणे सांगणार नाही.

तुम्हाला दिसलेल्या भुकटीला सोरेडिया म्हणतात. तिचा प्रत्येक कण म्हणजे शैवलाच्या काही पेशी आणि त्यांना वेढणारे कवकाचे धागे असतो. वाऱ्याने, पावसाच्या थेंबाने किंवा मुंगीच्या पायाला लागून तो दुसऱ्या सालीवर पडला की दोन्ही भागीदार एकत्रच प्रवास करतात. काही जातींत भुकटीऐवजी वरच्या पृष्ठावर बारीक दंडगोलाकार कोंब असतात, त्यांना इसिडिया म्हणतात. याउलट काही शैवाकांच्या पृष्ठावर येणाऱ्या तपकिरी पेल्यांमधून बाहेर पडणारे बीजाणू केवळ कवकाचे असतात आणि त्यांना नव्या ठिकाणी योग्य शैवल शोधावे लागते. भुकटी आहे की कोंब, कडेला केस आहेत की नाहीत, या दोन प्रश्नांवर अर्धी ओळख होते.

उरलेली अर्धी ओळख रसायनांवर होते. ब्लेडने वरचा पापुद्रा हलकेच खरवडला की आतला कापसासारखा पांढरा थर उघडा पडतो. त्यावर कपड्यांसाठी वापरतात त्या ब्लीचचा थेंब टाकल्यावर लगेच लाल रंग आला, तर लेकॅनोरिक आम्ल आहे असे समजावे. ‘पार्मोट्रेमा टिंक्टोरम’ (केस नाहीत, कोंब आहेत) आणि ‘पार्मोट्रेमा ऑस्ट्रोसिनेन्स’ (केस नाहीत, भुकटी आहे, खालच्या कडेला बरेचदा पांढरे डाग) या दोन्ही जाती असा लाल रंग देतात. कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणाने आधी पिवळा आणि मग रक्तासारखा लाल रंग आला, तर सॅलाझिनिक आम्ल. हे ‘रेटिक्युलेटम’चे लक्षण आहे. पिवळ्यावरून नारिंगी होऊन थांबला, तर स्टिक्टिक आम्ल, आणि ते मसाल्यातील खऱ्या ‘पर्लाटम’मध्ये असते. कॉस्टिक पोटॅश त्वचा भाजते, म्हणून ही दुसरी चाचणी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच करावी. तुमच्या तुकड्यावर केस आणि भुकटी दोन्ही आहेत, त्यामुळे ‘पर्लाटम’ किंवा ‘रेटिक्युलेटम’ या दोन्ही बाजूंना दार उघडे आहे. उघड्या पट्ट्यामुळे माझा कल पहिल्याकडे झुकतो, परंतु थेंब टाकल्याशिवाय नाव देणे योग्य नाही, कारण केस आणि भुकटी असलेल्या जाती आणखीही आहेत.

आता प्रसाराविषयी. ही प्रजाती जगाच्या उष्ण आणि उपोष्ण पट्ट्यांत सर्वत्र आहे, आणि दक्षिण अमेरिकेत तिच्या जातींची सर्वाधिक दाटी आहे. ध्रुवीय प्रदेश तिला मानवत नाहीत. ‘पर्लाटम’ ही जात मात्र थोडी वेगळी आहे: ती युरोपच्या पश्चिम किनाऱ्यावर, पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांत, कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीत, न्यूझीलंडमध्ये अशी जेथे जेथे हवा सौम्य आणि दमट आहे तेथे भेटते. भारतात हिमालयाचा मधला पट्टा आणि दक्षिणेतील उंच डोंगर या तिच्या जागा आहेत.

यावरून खानदेशाचे कोडे सुटते. शैवाकाला मुळे नाहीत, पाणी साठवण्याचे अवयव नाहीत आणि पाणी अडवणारी मेणचट त्वचाही नाही. हवा दमट असेल तेव्हा ते ओले असते, हवा कोरडी झाली की तासाभरात कडक होते आणि त्याचे सर्व व्यवहार थांबतात. कोरडे पडणे त्याला मारक नाही. प्रश्न आहे तो वर्षातून किती तास ते ओले आणि उजेडात राहते याचा, कारण अन्न तेवढ्याच वेळात तयार होते. जर्मनीच्या ऑटो लांगे यांनी नेगेव्ह वाळवंटात केलेल्या कामातून असे दिसले की हिरवे शैवल असलेली शैवाके पावसाचा थेंब न पडताही रात्रीच्या दवावर आणि नुसत्या दमट हवेवर पहाटे काम सुरू करू शकतात. ‘पार्मोट्रेमा’तील शैवल ‘ट्रेबुक्सिया’ हे त्याच प्रकारचे आहे. तोरणमाळ सुमारे 1,150 मीटर उंचीवर आहे; तेथे पावसाळाभर ढग झाडांत उतरतात आणि हिवाळ्यात यशवंत तलावाच्या आसपास सकाळी उशिरापर्यंत धुके असते. अमळनेर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे, पाऊस सुमारे 700 मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी आणि मार्च ते जून पारा 40 अंशांच्या वर. रुंद आणि सैल खंडांचे शैवाक दोन्ही बाजूंनी वारा लागल्यामुळे लवकर वाळते, म्हणून धुक्याच्या प्रदेशात जी रचना सोयीची, तीच तापीकाठी गैरसोयीची ठरते.

भुसावळ_वाचक

सरांचे विवेचन पटण्यासारखे आहे, तरी एक शंका मांडतो. शैवाके ही स्वच्छ हवेची खूण मानली जातात, असे आम्ही शाळेपासून ऐकत आलो आहोत. मग आमच्याकडे ती नसण्याचे कारण धूर आणि धूळ हे असू शकत नाही का? तापीकाठी कारखाने, वीटभट्ट्या, महामार्ग सर्वच आहे.

वनस्पतिशास्त्र_नंदुरबार

काही अंशी असू शकते. वर उल्लेख केलेल्या ‘टिंक्टोरम’चे उदाहरण प्रसिद्ध आहे: जपानमध्ये ती ‘उमेनोकिगोके’ या नावाने घरोघरी परिचित आहे आणि तेथील औद्योगिक शहरांतून सल्फर डायऑक्साइडमुळे ती नाहीशी झाल्याचे दिसून आल्यावर हवेच्या परीक्षेसाठी तिचा नकाशा केला जाऊ लागला. परंतु ही परीक्षा लागू पडण्यासाठी मुळात हवामान त्या जातीला अनुकूल हवे. महामार्गापासून आणि भट्ट्यांपासून कोसभर दूर असलेल्या पारोळा किंवा चोपड्याच्या मोकळ्या रानातील एखाद्या जुन्या झाडावरही रुंद खंडांचे शैवाक दिसत नसेल, तर धुराला दोष देण्यापूर्वी कोरडेपणाचा विचार करावा लागतो. शिवाय सर्व शैवाके धूळ टाळत नाहीत. ‘फिसिया’सारखी काही अरुंद खंडांची पर्णरूप शैवाके गोठ्यांजवळ आणि खत-धूळ उडणाऱ्या रस्त्यांच्या कडेला उलट चांगली वाढतात, कारण त्यांना नायट्रोजनयुक्त हवा चालते. एखाद्या झाडावर शैवाक आहे म्हणून तेथील हवा स्वच्छ, हा निष्कर्ष त्यामुळे चुकीचा ठरतो. कोणते शैवाक आहे हे पाहावे लागते.

धडगावचे_गुरुजी

तोरणमाळ ज्यात येते त्या अक्राणी भागातच मी राहतो, म्हणून स्थानिक माहितीची थोडी भर घालतो. पठारावर सर्वच झाडांवर ही शैवाके सारखी नसतात. आंबा आणि मोह यांची साल खडबडीत व टिकाऊ असल्याने त्यांच्यावर ती भरपूर दिसतात. निलगिरीची साल दरवर्षी सुटून पडत असल्यामुळे तिच्यावर काहीच टिकत नाही आणि सागावरही फारच थोडी असतात. सीताखाईच्या बाजूला, जेथे दरीतून ढग वर येतात, तेथील झाडांच्या दरीकडच्या अंगाला ती दाट आहेत आणि त्याच झाडांच्या रस्त्याकडच्या अंगाला विरळ. उतरणीला लागून शहाद्याच्या दिशेने निघाले की घाट संपण्याच्या आतच रुंद पापुद्रे दिसेनासे होतात. उंचीचा परिणाम एवढ्या थोड्या अंतरात पाहण्यासारखी जागा खानदेशात दुसरी मला माहीत नाही.

अलीकडे काही पर्यटक मसाल्यासाठी म्हणून ती खरवडून पिशव्यांतून नेताना दिसतात. मंचावरील सभासदांनी तरी हे करू नये, अशी विनंती आहे. वनक्षेत्रातून परवानगीशिवाय वनोपज काढता येत नाही, हा नियम शैवाकांनाही लागू आहे.

मसालेवाले_जळगाव

गुरुजींशी सहमत आहे. व्यवहाराच्या दृष्टीनेही त्यात अर्थ नाही. दगडफूल वजनाला इतके हलके की पिशवीभर खरवडूनही हाती काही येत नाही, आणि निवडायला मात्र दिवस जातो. एका घराच्या वर्षभराच्या मसाल्याला मूठभर दगडफूल पुरते.

सरांना एक विचारतो: शेतात याची लागवड करता येईल का? गिऱ्हाईक अनेकदा विचारतात.

वनस्पतिशास्त्र_नंदुरबार

व्यापारी लागवड आज तरी व्यवहार्य नाही. पर्णरूप शैवाकाचा घेर वर्षाला साधारणपणे काही मिलिमीटरच वाढतो, म्हणजे तळहाताएवढे शैवाक तयार होण्यास दशक किंवा त्याहून अधिक काळ लागतो. प्रयोगशाळेत कवक आणि शैवल वेगवेगळे वाढवता येतात, पण त्यांना पुन्हा एकत्र आणून बाजारात नेण्याजोगा पापुद्रा घडवणे अत्यंत संथ आणि बेभरवशाचे काम आहे. बाजारात येणारे दगडफूल म्हणूनच जंगलातूनच येते, आणि एकदा खरवडलेली फांदी पुन्हा भरायला एक पिढी जाऊ शकते.

खाण्याबाबत आणखी एक सूचना. शैवाके हवेतील धूळ आणि त्यातील शिसे, जस्त यांसारखे धातू शोषून साठवतात. म्हणूनच संशोधक त्यांचा उपयोग हवेतील धातू मोजण्यासाठी करतात. त्यामुळे रस्त्याकडेच्या झाडावरील शैवाक, ते ओळखीचे वाटले तरी, स्वयंपाकात वापरू नये.

अमळनेरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वडिलांनी खोडे खरवडण्याचा बेत रद्द केला आहे. एक शेवटची विचारणा: आमच्या शेतातील आंब्यांवरचे जे चिकटलेले पांढुरके ठिपके आहेत, ते भिंगातून पाहिले असता त्यांच्या कडेला एक मिलिमीटर रुंदीचे बारीक खंड दिसतात. ती कवचरूप समजावीत की पर्णरूप?

वनस्पतिशास्त्र_नंदुरबार

कडेला खंड आहेत म्हणजे ती पर्णरूपच आहेत, फक्त अरुंद आणि सालीला दाबून बसलेली. मैदानी भारतात आंब्याच्या खोडावर असे रूप दिसले की प्रथम ‘पिक्सिन’ आणि ‘डिरिनारिया’ या दोन प्रजातींचा विचार करावा. दोन्ही ऊन आणि धूळ सोसणाऱ्या आहेत. एक छोटा तुकडा सालीसकट काढून ओला करा आणि सुईने कड उचलून खाली पाहा. काळे धागे असतील तर ‘पिक्सिन’, मुळीच धागे नसतील तर ‘डिरिनारिया’ असण्याची शक्यता अधिक. ‘पिक्सिन कोकोज’ ही त्यातील सर्वत्र आढळणारी जात ओळखण्याची आणखी एक सोपी युक्ती आहे. दुकानांत नोटा तपासण्यासाठी जांभळ्या प्रकाशाचा अतिनील दिवा असतो, तो अंधारात तिच्यावर धरला की वरचे पृष्ठ पिवळे चमकते, कारण त्यात लायकेझँथोन नावाचे द्रव्य असते. मसालेवाले भाऊंच्या गल्ल्यावर असा दिवा असल्यास तुकडा जळगावला घेऊन जा आणि काय दिसले ते येथे कळवा.